पुतण्या शेल्टरमध्ये आहे, काका ह्यूस्टनमध्ये आहे, मग सरकार मुलाला सोडत का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ह्यूस्टनमध्ये तुमच्यासोबत काम करणारा एक जण ग्वातेमालाचा आहे. त्याचा १४ वर्षांचा पुतण्या एकटाच मेक्सिकोमार्गे टेक्सासच्या सीमेवर आला आणि बॉर्डर पेट्रोलच्या हाती लागला. मुलाकडे काकाचा फोन नंबर होता, काका त्याला घ्यायला तयार आहे, तरी दोन महिने झाले मूल सरकारी शेल्टरमध्येच आहे. तुम्ही पुढे विचारलंत की एवढी तपासणी करूनही ‘तीन लाख मुलं गायब’ अशा बातम्या कशा येतात.

मी टेक्सासमध्ये अशाच मुलांच्या केसेस चालवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण माझ्या मते ते एकच आहेत. पालक जवळ नसलेलं मूल एका मोठ्या माणसाच्या हवाली करण्याआधी सरकारनं त्या माणसाची किती खात्री करून घ्यावी? ती होईपर्यंत मुलानं कुठे राहावं? आणि हवाली केल्यावर त्या मुलाकडे कुणी बघायचं? पहिल्या दोन प्रश्नांवर अमेरिकेत चाळीस वर्षं भांडणं चालली आहेत. तिसऱ्याकडे फार थोड्यांचं लक्ष आहे, आणि मुलांचं खरं नुकसान होतं ते तिथेच.

एक गोष्ट आधीच सांगते. कुठल्याही एका मुलाचं काय होईल हे तो कुठल्या देशाचा आहे, वय किती, सोबत कोण होतं, घ्यायला कोण येतंय आणि कुठल्या वर्षी आलाय यावर ठरतं. कायदा फारसा बदललेला नाही, पण तो राबवण्याची पद्धत सरकारागणिक बदलते. तुमच्या सहकाऱ्याकडे इथले कागद, म्हणजे इथे राहण्याचा कायदेशीर परवाना, आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाहीत. ते योग्यच केलंत, पुढेही उघडपणे लिहू नका. उत्तराचा मोठा भाग मात्र त्यावर अवलंबून आहे.

‘एकटं मूल’ म्हणजे कोण, हे २००२ च्या होमलँड सिक्युरिटी कायद्यात ठरलेलं आहे: वय १८ च्या आत, देशात राहण्याचा कायदेशीर परवाना नाही, आणि सांभाळायला आई-वडील किंवा कायदेशीर पालक इथे उपलब्ध नाहीत. त्यामुळे आजीचं बोट धरून आलेली सहा वर्षांची नातसुद्धा कायद्याच्या नजरेत एकटीच ठरते, कारण आजी म्हणजे कायदेशीर पालक नव्हे. आजी एकीकडे जाते आणि नात दुसरीकडे. २०१८ च्या ‘झिरो टॉलरन्स’ धोरणात, म्हणजे बेकायदा सीमा ओलांडणाऱ्या प्रौढांवर सरसकट खटले भरण्याच्या धोरणात, याच व्याख्येचा आधार घेऊन आई-वडिलांवर खटले भरले गेले आणि त्यांच्यासोबत आलेली मुलं कागदोपत्री ‘एकटी’ झाली. जून २०१८ मध्ये सॅन दिएगोचे न्यायाधीश डेना सब्रॉ यांनी मुलं परत आई-वडिलांकडे पोचवण्याचा आदेश दिला, पण कुठलं मूल कुणाचं याची धड नोंदच ठेवलेली नव्हती.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या पुतण्याकडे येते. सीमेवर सापडलेलं मूल आधी बॉर्डर पेट्रोलच्या ठाण्यावर जातं. २००८ च्या मानवी तस्करीविरोधी कायद्यानुसार मूल एकटं आहे हे ठरल्यापासून ७२ तासांच्या आत, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, त्याला आरोग्य खात्याच्या निर्वासित पुनर्वसन कार्यालयाकडे द्यावं लागतं. सगळे त्याला ओआरआर म्हणतात. ७२ तासांची ही मर्यादा महत्त्वाची आहे, कारण ही ठाणी प्रौढ माणसांना काही तास ठेवण्यासाठी बांधलेली आहेत. थंडगार खोल्या, चोवीस तास जळणारे दिवे, पांघरायला चकचकीत फॉइलच्या चादरी. मार्च २०२१ मध्ये शेल्टरमध्ये जागा नव्हती म्हणून पाच हजारांहून जास्त मुलं अशा ठिकाणी अडकून पडली होती. डॉना गावातल्या तंबूंत कोविडच्या नियमाप्रमाणे २५० जण मावायचे, तिथे चार हजारांच्या वर माणसं होती.

नंबरचं काय होतं तेही सांगते, कारण तुमचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. बऱ्याच मुलांचा नंबर पट्ट्याच्या आतल्या बाजूला पेनानं लिहिलेला असतो, किंवा बुटात घडी करून ठेवलेल्या चिठ्ठीवर असतो. ठाण्यावर पोचल्यावर सुरक्षेच्या नियमानं पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून सामानाच्या पिशवीत टाकतात. म्हणजे नंबर गेला पिशवीत. कुणा अधिकाऱ्यानं तो वेळेवर उतरवून घेतला तर ठीक, नाही तर शेल्टरमध्ये पिशवी उघडल्यावर घामानं पुसट झालेला आकडा एक आहे की सात, हे केस मॅनेजर, म्हणजे मुलाची केस हाताळणारी शेल्टरची कर्मचारी, दोन्ही नंबर फिरवून बघते. मुलाला नंबर पाठ असेल तर त्याचं नशीब.

मूल मेक्सिकोचं असतं तर गोष्ट इथेच वेगळी झाली असती. शेजारच्या देशांच्या, म्हणजे मेक्सिको आणि कॅनडाच्या मुलांसाठी त्याच २००८ च्या कायद्यात निराळी वाट आहे. मूल तस्करीला बळी पडलेलं नाही, त्याला परत जायची भीती नाही आणि परत जाण्याचा निर्णय ते स्वतः समजून घेऊ शकतं, या तिन्ही गोष्टी ४८ तासांत तपासायच्या आणि तिन्ही पटल्या तर मुलाला परत पाठवायचं. तपासतो कोण? सीमेवरचा गणवेशातलाच अधिकारी. ज्यानं काही तासांपूर्वी आपल्याला पकडलं त्याच माणसाला ‘मला कुणीतरी विकायला निघालं होतं’ असं मूल सांगेल, ही अपेक्षा मला कधीच पटलेली नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानंही २०१५ मध्ये ही तपासणी नीट होत नसल्याचं नोंदवलं होतं. ग्वातेमाला, होंडुरास, एल साल्वादोरच्या मुलांना मात्र असं सीमेवरून परस्पर परत धाडता येत नाही. त्यांना ओआरआरकडे द्यावं लागतं आणि त्यांची केस इमिग्रेशन न्यायाधीशासमोर जाते.

पकडणारं खातं वेगळं आणि सांभाळणारं वेगळं, हे असं का, याचं उत्तर एका मुलीच्या केसमध्ये आहे. १९८५ मध्ये एल साल्वादोरची जेनी फ्लोरेस नावाची १५ वर्षांची मुलगी पकडली गेली. तिला पॅसाडिनातल्या एका मोटेलमध्ये कोंडून ठेवलं होतं. अनोळखी प्रौढ माणसं सोबत होती आणि तिचे कपडे उतरवून झडती घेतली जायची. तिला घ्यायला नात्यातली बाई तयार होती, पण तेव्हाच्या इमिग्रेशन खात्याचा नियम होता की मूल फक्त आई-वडील किंवा कायदेशीर पालकाकडेच देऊ. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याची जी तक्रार आहे, नेमकी तीच. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला, तरी खटला पुढे चालू राहिला आणि १९९७ मध्ये सरकारनं तडजोड केली. तिलाच फ्लोरेस करार म्हणतात. मुलाला विनाकारण अडकवून ठेवायचं नाही, कमीत कमी बंधनं असलेल्या जागी ठेवायचं, आणि आई-वडील नसतील तर काका, मामा, आजी, भाऊ अशा नातेवाइकाकडे द्यायचं, हे त्यात ठरलं. पुढे २००२ च्या कायद्यानं मुलांचा सांभाळ इमिग्रेशन खात्याकडून काढून ओआरआरकडे दिला. हद्दपार करू पाहणाऱ्याच्याच हातात मुलाची काळजी नसावी, हा त्यामागचा विचार. तो आजही बरोबर आहे असं मी ठामपणे म्हणते.

म्हणजे काकाला मूल मिळू शकतं. मग वेळ कशात जातो? ओआरआर मूल घेणाऱ्यांची वर्गवारी करतं. पहिल्या गटात आई-वडील आणि कायदेशीर पालक, दुसऱ्यात काका-मामा, आजी-आजोबा, भावंडं असे जवळचे नातेवाईक, तिसऱ्यात लांबचे नातेवाईक आणि ओळखीचे. काका दुसऱ्या गटात येतो. त्याला स्वतःचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, बोटांचे ठसे, गुन्ह्यांची नोंद तपासायला संमती, मुलाच्या आई-वडिलांशी बोलणं, आणि नातं सिद्ध करणारे कागद द्यावे लागतात. काका-पुतण्याचं नातं एका जन्मदाखल्यावर सिद्ध होत नाही. मुलाचा दाखला, त्याच्या वडिलांचा दाखला आणि काकाचा दाखला हवा, आणि आजी-आजोबांची नावं तिन्हींत जुळायला हवीत. डोंगरातल्या गावात एका भावाचं आडनाव एका तऱ्हेनं लिहिलंय, दुसऱ्याचं दुसऱ्या तऱ्हेनं. एवढ्या एका अक्षरापायी आठवडे जातात.

भाषेची अडचण निराळीच. ग्वातेमालाच्या पश्चिमेकडची बरीच मुलं घरी माम किंवा किचे बोलतात, स्पॅनिश त्यांना जेमतेम येते. असा एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. स्पॅनिशमध्ये विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तो मान डोलवून ‘सी’ म्हणत होता. घरी मारहाण होती का? सी. काका चांगला वागतो का? सी. काकाचे पैसे फेडायचे आहेत का? सी. कागदावर सगळे रकाने भरले असते आणि त्यातलं एकही उत्तर खरं नसतं. फोनवर माम दुभाषा मिळाल्यावर तो पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला, आणि ते वाक्य प्रवासाच्या कर्जाबद्दल होतं. ते कोण फेडणार, कुणाला, आणि शाळेत घातलं तर कसं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. अशी गोष्ट त्याच दिवशी फोन करून मूल सोपवण्याच्या घाईत कधीच बाहेर येत नाही.

तपासणी ढिली सोडली तर काय होतं हे २०१४ मध्ये दिसलं. त्या वर्षी नैर्ऋत्य सीमेवर ६८ हजारांहून जास्त मुलं एकटी आली आणि शेल्टर रिकामी करायची घाई झाली. ओहायो राज्यातल्या मॅरियनजवळ ग्वातेमालाच्या मुलांना ‘ओळखीच्या माणसांकडे’ म्हणून सोडलं गेलं. ती माणसं तस्कर निघाली. मुलांना पडक्या ट्रेलरमध्ये ठेवून अंड्यांच्या फार्मवर दिवसाचे बारा-बारा तास राबवलं आणि मजुरी काढून घेतली. सिनेटच्या उपसमितीनं जानेवारी २०१६ च्या अहवालात हे सगळं मांडलं. म्हणून कुणी मला विचारलं की बोटांचे ठसे कशाला, घरभेट कशाला, तर मी मॅरियनचं नाव घेते.

पण तपासणी दुसऱ्या टोकाला नेली तर काय होतं तेही आम्ही पाहिलंय. एप्रिल २०१८ मध्ये ओआरआरनं इमिग्रेशन यंत्रणांशी माहिती वाटून घेण्याचा करार केला आणि घरातल्या प्रत्येक प्रौढाचे ठसे मागितले. मूल घ्यायला पुढे आलेल्या माणसांना ‘आइस’नं, म्हणजे हद्दपारीची कारवाई करणाऱ्या खात्यानं, अटक केली. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि नातेवाईक मागे हटले. शेल्टर भरली, मुलांचे मुक्काम लांबले आणि एल पासोजवळ तोर्नियोच्या वाळवंटात तंबू उभे राहिले. तिथे एका वेळी सुमारे २,८०० मुलं होती. डिसेंबरमध्ये घरातल्या सगळ्यांच्या ठशांची अट काढली आणि जानेवारी २०१९ मध्ये तोर्नियो रिकामंही झालं. ती मुलं सोडण्यात धोका होता म्हणून अडकली होती असं नव्हतं. घ्यायला येणारा घाबरला होता म्हणून ती अडकली होती.

यातून माझं मत बनलंय ते असं. माणूस कोण आहे, त्याच्यावर मुलांशी गैरवर्तनाचा गुन्हा आहे का, घर कसं आहे, त्याच पत्त्यावर आधी किती मुलं गेली आहेत, हे सगळं बारकाईनं तपासा. पण ती माहिती हद्दपारीच्या यंत्रणेकडे गेली की तपासणी उलटी काम करते. पुतण्यावर जीव असलेला, पण कागद नसलेला काका मागे हटतो. खोट्या कागदांवर मूल मागणारा तस्कर हटत नाही, त्याची तयारी आधीच झालेली असते.

तुमच्या सहकाऱ्याचे दोन महिने याच संदर्भात बघा. आधीच्या काही वर्षांत शेल्टरमधला सरासरी मुक्काम साधारण महिन्याभराचा असायचा. २०२५ मध्ये डीएनए चाचणी आणि उत्पन्नाचा पुरावा मागायला सुरुवात झाली, कुठली ओळखपत्रं चालतील त्याची यादी आवळली गेली, आणि मुक्काम कित्येक महिन्यांवर गेला. म्हणजे उशीर झाला याचा अर्थ काकाबद्दल काही वावगं सापडलं, असा अजिबात नाही.

आता ‘गायब’ मुलांबद्दल. मूल सोडल्यावर साधारण ३० दिवसांनी ओआरआर त्या घरी फोन करतं. २०२३ मध्ये उघड झालं की दोन वर्षांत ८५ हजारांहून जास्त मुलांशी असा संपर्क झाला नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये होमलँड सिक्युरिटी, म्हणजे अंतर्गत सुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालात आणखी दोन आकडे आले: पाच वर्षांत ३२ हजारांहून जास्त मुलं कोर्टाच्या तारखेला आली नाहीत, आणि २ लाख ९१ हजारांहून जास्त मुलांना कोर्टात हजर राहण्याची नोटीसच काढलेली नव्हती. हे दोन आकडे एकत्र करून ‘तीन लाख गायब’ झाले. ज्याला सरकारनं बोलावलंच नाही, तो आला नाही म्हणून गायब कसा? यातली पुष्कळ मुलं ज्या पत्त्यावर सोडली तिथेच राहत असतात. अनोळखी नंबर दिसला की काका फोन उचलत नाही, एवढंच कारण बऱ्याचदा असतं.

पण म्हणून निर्धास्त राहावं असंही मला म्हणायचं नाही. फोन उचलला गेला नाही, तर दारावर जाऊन बघणारं बहुतेक वेळा कुणी नसतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्यानं कत्तलखान्यांची सफाई करणाऱ्या एका कंपनीला १५ लाख डॉलरचा दंड केला. आठ राज्यांत १३ ते १७ वयाची १०२ मुलं रात्रपाळीत धारदार यंत्रं धुताना सापडली होती. त्याच महिन्यात पत्रकारांच्या शोधातून समोर आलं की एकट्यानं आलेली मुलं देशभर अशा कामांवर आहेत. त्यातली कितीतरी मुलं रीतसर तपासणी होऊन आपल्याच नातेवाइकांकडे गेलेली होती. काका वाईट नसतो. भाडं थकतं, गावाकडचं कर्ज व्याजानं वाढतं, आणि मूल शाळा सोडून कामावर जायला लागतं. सोडण्याआधीच्या तपासणीत हे दिसणं शक्यच नाही. ते दिसतं चौथ्या-पाचव्या महिन्यात, घरी जाऊन मुलाशी त्याच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला. सरकारच्या जागी मी असते तर पैसा तंबूंऐवजी या माणसांवर घातला असता.

दुसरा भरवशाचा माणूस म्हणजे वकील. इमिग्रेशन कोर्टात सरकारचा वकील असतो, मुलाला सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क नाही. शक्य तितक्या मुलांना वकील मिळवून द्यावा एवढंच २००८ चा कायदा सांगतो. मार्च २०२५ मध्ये सुमारे २६ हजार मुलांच्या वकिलांचं सरकारी अनुदान थांबवलं गेलं आणि ते परत मिळवायला कोर्टात जावं लागलं. वकील का लागतो हे त्याच वर्षी ३१ ऑगस्टच्या पहाटे कळलं. ग्वातेमालाच्या मुलांना रातोरात उठवून टेक्सासच्या विमानतळांवर नेलं होतं. वकिलांनी मध्यरात्री अर्ज केले, वॉशिंग्टनच्या न्यायाधीश स्पार्कल सूकनानन यांनी परत पाठवणी थांबवली आणि मुलं विमानातून उतरवून शेल्टरमध्ये परत आणली गेली.

तुमच्या सहकाऱ्यानं आज काय करावं, तर आधी केस मॅनेजरला स्पष्ट विचारावं की कुठला कागद अडलाय, आणि त्याची लेखी नोंद ठेवावी. स्वतःकडे इथले कागद नसतील तर ठसे द्यायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावं, नोटरीशी किंवा ओळखीच्या एजंटाशी नाही. मूल शेल्टरमध्ये असतानाच त्याला मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था भेटली का, हे विचारावं. मुलाला परत जायची भीती असेल तर त्याचा आश्रयाचा अर्ज आधी कोर्टाबाहेर, आश्रय अधिकाऱ्यासमोर ऐकला जातो. आई किंवा वडिलांनी मुलाला टाकलं असेल, मारहाण केली असेल, तर राज्याच्या कोर्टातून तसा निर्णय घेऊन ग्रीन कार्डच्या वाटेला लागता येतं. ही वाट १९९० च्या कायद्यापासून आहे, पण वय वाढलं की बंद होते. टेक्सासचं राज्य न्यायालय यात साधारण १८ पूर्ण होण्याआधीच हात घालतं, म्हणून ‘अजून चौदाचाच आहे’ म्हणून थांबू नये.

मूल घरी आल्यावर अनोळखी नंबरचा फोन उचलावा, शाळेत नाव घालावं. १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार सार्वजनिक शाळा कागद नाहीत म्हणून नाकारू शकत नाही. आणि घर बदललं तर पाच दिवसांच्या आत इमिग्रेशन कोर्टाला नवा पत्ता फॉर्म भरून कळवावा. शेल्टरला सांगितलं म्हणजे कोर्टाला कळलं असं होत नाही, दोन्ही खाती वेगळी आहेत. तारखेची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि मूल हजर राहिलं नाही, तर न्यायाधीश त्याच्या गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम काढू शकतात.

काकानं केस मॅनेजरशी बोलून काय अडलंय ते कळवलं, तर पुढचं नेमकं सांगता येईल. फक्त मुलाचं नाव किंवा फाइल नंबर इथे टाकू नका.